म्हसवडच्या गर्दीतला आवाज

आई उंब्रजला राहायची, मी नोकरीसाठी सांगलीत. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ बघायची तिची फार इच्छा, म्हणून त्या वर्षी तिला घेऊन गेलो. रथ जवळ आला, गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू झाली, मागून लोंढा आला आणि तिचा हात सुटला. डोळ्यांतला गुलाल पुसून पाहिलं, तर आई नाही.

तिच्याकडे फोन होता, पण त्या गर्दीत कुणाचाच लागत नव्हता. हाका मारत मी एका दुकानाच्या पायरीवर चढलो. जिकडेतिकडे नुसती गुलाबी डोकी. 

तेवढ्यात वॉकीटॉकीवर बोलत एक स्वयंसेवक समोरून गेला. गाठेपर्यंत दिसेनासा झाला. मग पिशवीतला रेडिओ स्कॅनर आठवला. मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा छंद, त्यामुळे तो जवळ असतोच. एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जातो आणि कुणी बोलत असेल तिथं थांबतो. त्यावर फक्त ऐकता येतं.

बटण दाबलं, आकडे पळू लागले. मध्येच थांबले. आवाज होता, पण तोंडावर उशी धरल्यासारखा. म्हणजे फ्रिक्वेन्सी शेजारची होती. हातानं आकडा एक घर पुढं सरकवला आणि आवाज लख्ख झाला.

"...पाण्याच्या टँकरपाशी एक आजी हाईत. ल्योक चुकलाय म्हणत्यात. आजी, हितं तोंड करा अन् बोला. आमची समदी पोरं ऐकत्यात."

थोडी खरखर झाली. मग घसा खाकरल्याचा आवाज. तो मी कुठंही ओळखला असता.

"आवं, माझा ल्योक उंच हाय, चष्मा हाय. कुणाला दिसला तर म्हणावं, म्हातारी बरी हाय, घाबरू नगं."

 इतकी वर्षं मी अनोळखी माणसांची बोलणी ऐकत आलो. आज त्या अफाट कल्लोळातून नेमका आईचा आवाज माझ्या तळहातावर उतरला होता. "आलो गं," मी मोठ्यानं म्हणालो. ते तिच्यापर्यंत जाणार नव्हतं, तरीही.

टँकरपाशी ती खुर्चीवर बसून निवांत चहा पीत होती.

"घावलास व्हय! कुणी सांगितलं?"

"तूच. ह्याच्यावर ऐकलं तुला."

"मी तर त्या पोरांस्नी सांगत हुते. तुला कसं गेलं रं?"

मी लहरींबद्दल सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. सगळं मला पाठ होतं, पण त्या घडीला ते फार तोकडं वाटलं.

तिनं स्कॅनर घेऊन कानाला लावला. तिचे डोळे मोठे झाले.

"ऐक की! कुणाचं तरी पोरगं चुकलंय. लाल सदऱ्यातलं." कप खाली ठेवून ती उठली आणि गर्दीत बघायला लागली.