न उलगडलेला पीळ

गोमा कड्याच्या टोकाशी उकिडवा बसून राहिला होता. दोर कमरेला बांधायला तो तयार नव्हता, आणि खाली मजूर खोळंबले होते.

मुरबाडपलीकडे घाटरस्त्याचं काम चालू होतं. साल साठच्या आसपासचं. मी ओव्हरसियर. सुरुंग उडवला की सुटे झालेले काही दगड कड्यात तसेच अडकून राहतात. ते आधी पाडावे लागतात, नाहीतर खालच्यांच्या डोक्यात येतात. म्हणून एक माणूस दोराला लोंबकळत उतरतो आणि पहारीने ते ढकलतो. आमच्याकडे हे काम गोमा ठाकर करायचा. सिद्धगडाखालच्या वाडीतला. कड्यांवरचा मध काढण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं.

आजवर तो घायपाताच्या वाखाचा, स्वतः वळलेला दोर वापरायचा. त्या आठवड्यात स्टोअरमधून जाड, सरकारी दोर आला. तोच वापरायचा, असा डेप्युटी इंजिनिअरसाहेबांचा हुकूम होता.

गोमाने दोर नाकाशी धरला. "ह्याला कुबट वास येतो, सायब. माजाच बरा."

मी दोर हातातून सरकवत पाहिला. कुठे धागा सुटलेला नव्हता. दोघा मजुरांना ओढायला लावून पाहिला. टिकला. दुपारी साहेबांची जीप येणार होती.

"अरे, कोरा दोर आहे. माझ्या शब्दावर उतर."

"तुमी सांगता म्हनून," तो म्हणाला आणि उतरला.

चार-पाच दगड पडल्याचे आवाज आले. मग ताणलेला दोर एकदम सैल पडला.

मी वळसा घालून खाली पोचलो. त्याची बायको हिरी तिथेच खडी फोडायला असायची. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. गोमा गेला होता. दोर बघितला होता ना, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो.

नंतर तुटक्या टोकाचा पीळ उलगडला. आतल्या धाग्यांचा हातात भुगा झाला. ओलसर गोदामात पडलेला दोर आतून कुजतो, वरून कोरा दिसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गोमाला होतं.

इन्क्वायरी लागली. "दगडावर घासून तुटला, असं लिहा," साहेब म्हणाले. मी कुजला असंच लिहिलं. गोमा नको म्हणत असताना मी त्याला उतरवला, हेही लिहिलं. स्टोअरमधले बाकीचे दोर जाळले गेले. माझी बदली झाली. हिरी पुन्हा कामावर आली नाही.

दोर तपासायचा तो पीळ उलगडून. आणि ज्याला लोंबकळायचं आहे तो नको म्हणाला, तर वाद घालू नये.