न लागलेला चटका

"संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर अंगठा काढावा लागेल," असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना माझी श्रद्धा समजावून सांगत होतो.

आजाराचं नाव डायबेटिक फूट अल्सर, म्हणजे मधुमेहामुळे पायाला झालेली आणि भरत नसलेली जखम. ती मिळवायला मी मेहनत घेतली होती. गणपतीच्या मिरवणुकीत, इथे परदेशात, अ‍ॅशबर्नच्या देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये, भर दुपारी डांबरावर तासभर अनवाणी नाचलो. बाकीचे पाय उचलत सावलीकडे पळत होते. "लोकांत भक्तीच उरली नाही," असं मी माझ्या बायकोला, मंजिरीला, दोनदा ऐकवलं.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टोचायला घेतला. मी वाट पाहिली. "कधी सुरू करताय?"

"आठ जागा झाल्या," त्या म्हणाल्या.

याला न्यूरोपथी म्हणतात. वाढलेल्या साखरेने नसा बधिर होतात. माझी भक्ती ती एवढीच.

डांबराने अंगठ्याखाली आलेला फोड फुटल्यावर मी तीन आठवडे हळद आणि मध लावून वर मोजे चढवले. डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो. सर्व्हरची खोली दोन अंशांनी तापली तरी जिना धावत चढतो. स्वतःची साखर मात्र सहा महिने पाहिली नव्हती. शेवटी मोज्याला वास आला आणि मंजिरीने मला गाडीत घातलं.

एमआरआयचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागणार होते. मुलगी सई फोनवर होती. "बाबा, यू हिड धिस फ्रॉम आई?"

"तिला काळजी नको म्हणून."

"नो. शी वुड हॅव येल्ड. दॅट्स व्हाय."

हाड वाचलं होतं. पण जखम मिटेना, आणि उघडी राहिली तर अंगठ्यावरची टांगती तलवार कायम. असं का, ते डॉक्टरांनी सांगितलं. मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी जखमेत येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी खातात. मग त्यांनी लढाई थांबवून दुरुस्तीला लागायचं असतं. "तुमच्या साखरेमुळे त्या लढतच राहिल्यात. आता चांगल्या भागाचंही नुकसान करतायत."

मी मंडळाच्या कमिटीवर अकरा वर्षं आहे. मला लगेच समजलं.

दर मंगळवारी डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. दुखत नव्हतं, आणि त्याचं कौतुक वाटायचे दिवस संपले होते. जखमेवर भार येऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंत बूट, पोटात इन्सुलिनची सुई. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कडुनिंब, कोरफड आणि कुणाच्या तरी मामांचं तूप आलं. त्या मूर्खांना उत्तर द्यायला बोटं शिवशिवली. पण महिन्यापूर्वी असाच सल्ला मीच दिला असता, तोही लांबलचक.

साखर खाली आली. पाचव्या आठवड्यात जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार काही दिसलं. ग्रॅन्युलेशन टिश्यू, डॉक्टर म्हणाल्या, नवं मांस. पेशी अखेर कामाला लागल्या होत्या. त्यात माझं कर्तृत्व इतकंच, की मी त्यांच्या वाटेतून बाजूला झालो.

अकराव्या आठवड्यात जखम मिटली. अंगठा राहिला. "पण संवेदना बहुतेक परत येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काच रुतली तरी कळणार नाही. रोज बघायचं."

तुमच्यापैकी ज्यांना साखर आहे त्यांनी तळवे रोज पाहा. माझ्यासारखं पोट आडवं येत असेल तर दुसऱ्याला दाखवा. लाज वाटेल, वाटू द्या. मी संध्याकाळी सोफ्यावर पाय वर करून बसतो. मंजिरी चष्मा लावते, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारते. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला.

"मळ आहे," काल ती म्हणाली. "धुऊन ये."

मी आनंदाने गेलो.