कडांवरचे बुडबुडे

कंट्रोल रूमच्या फोनवर माझी बायको मालती एवढंच म्हणाली, "ताई गेल्या..." मागे यंत्रांची घरघर चालू होती. मला पुन्हा विचारावं लागलं. ताई म्हणजे कुसुमताई, माझी थोरली बहीण. त्याला आता दीडेक महिना झाला.

आमचं घर काटोलचं. ताई नागपूरला रसायनशास्त्र शिकली आणि तिथेच कॉलेजात शिकवायला लागली. लग्न केलं नाही. मला कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात नोकरी लागून क्वार्टर मिळालं, तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. वाळत घातलेल्या तिच्या पांढऱ्या पातळांवर संध्याकाळपर्यंत राख बसायची. ती झटकत एकदा म्हणाली, "जळल्यावर नुसतं पाणी उरन, असं जळण पाहिजे गा दिनू."

असं जळण म्हणजे हायड्रोजन, आणि तो पाण्यातूनच काढायचा, हे तिच्या मनाने घेतलं. पाण्यात दोन तारा सोडून वीज दिली की एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. पण थोड्या विजेत भरपूर हायड्रोजन हवा, तर तार प्लॅटिनमची लागते. ती कुठून आणणार? ताईने मॉलिब्डेनमचं एक काळं खनिज धरलं. आमच्या यंत्रांच्या वंगणात त्याचीच भुकटी असते. पानावर पान रचावं तशी त्याची घडण, म्हणून ते निसरडं. त्याचा एक चकचकीत खडा तिने कुठूनसा मागून आणला आणि एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तारेला बांधून पाण्यात सोडला.

"पाह्य, वरच्या पाठीवर काहीच नाही. बुडबुडे कुठून येऊन राहिले?"

"कडेनं," मी म्हणालो.

"हो ना! मंग पानं सोलत जायची. जितकी पातळ, जितकी बारीक, तितक्या कडा जास्त!" इतकी आनंदलेली ताई मी आधी कधी पाहिली नव्हती.

तिच्या विभागप्रमुखांना ते पटलं नाही. खडा अशुद्ध असेल, म्हणाले. शिवाय पाणी फोडायला लागणारी वीज शेवटी कोळशाचीच ना, मॅडम? प्रयोगशाळेतला तिचा कोपराही गेला. ताई घरी येऊन शांतपणे म्हणाली, "विजेचं त्यायचं खरंच आहे. वीज उन्हाची पाहिजे. ते कोणी ना कोणी करन." मग कितीतरी वर्षं ती आपल्या खोलीत ब्लेडने पानं सोलत बसली. ती पानं तारेवर टिकत नसत, पाण्यात गळून पडत. ती पुन्हा लावायची. दम्याने तिला धरलं होतं, तोही वाढत गेला. "काहून एवढा जीव काढतं वं ताई?" असं विचारलं, की नुसती हसायची...

शेवटी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला होता. सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग मुखवटा जरा बाजूला करून, धापा टाकत म्हणाली, "दुसऱ्या तारेवरचा आहे हा, दिनू... जल्मभर मी याच्याकडे पाह्यलंच नाही." मी मुखवटा नीट बसवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

गेल्या आठवड्यात क्वार्टरला चुना मारायला माणसं आली. ताईच्या खोलीत दिव्याच्या बटनाभोवती तिच्या बोटांचे काळे ठसे आहेत. त्या खनिजाची भुकटी भिंतीत मुरते, पुसून जात नाही. माणसाने कुंचला तिकडे नेला, तशी मालती पुढे झाली.

"तेवढी जागा राहू द्या, भाऊ."

खोली पांढरीशुभ्र झाली. संध्याकाळी अंधार पडला, तरी आम्हा दोघांपैकी कोणीही ते बटन दाबलं नाही.