चॉकलेटला पाणी लागलं ती दुपार

गुलाबी वाटी गेली. मी चमचा फिरवत होते आणि फिरवता फिरवता तो जड झाला, बघते तर काय, आत्तापर्यंत सायीसारखं सरसरीत असलेलं चॉकलेट एकदम आळलं, ओल्या वाळूसारखं झालं. घाबरून मी तोच चमचा हिरव्या वाटीत घातला, म्हटलं ही तरी हलवत ठेवू, तर हिरवीही गेली. मग पिवळी. तीन वाट्या, तीन रंगांची वाळू. चार वाजत आले होते, पाचला गल्लीतल्या पोरी यायच्या होत्या, आणि माझ्या तोंडातून एवढंच निघत होतं, "अम्मा, या ना. अम्मा, लवकर या ना."

अम्मा म्हणजे माझी सासू. त्या बाहेर वाती वळत बसल्या होत्या, हातात कापूस तसाच घेऊन धावत आल्या.

"काय गे? भाजलं?"

"नाही."

"कापलं?"

"नाही हो."

"मग जीव गेल्यासारखी का ओरडतेस?"

मी वाट्या दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिलं, एका बोटानं टोचून पाहिलं. "रंगीत उपमा केलास होय?"

त्या हसल्या, पण मला हसू येईना. कारण त्या चॉकलेटात बुडवायचे गोळे माझ्या लेकीच्या वाढदिवसासाठी होते, आणि त्या गोळ्यांवरच सगळं अडलं होतं.

आमच्या घरात मुलांचे केस देवाला दोनदा देतात, एकदा पहिल्या वर्षी आणि एकदा पाचव्यात, मुलगा असो की मुलगी. लेकीचं पाचवं सरत आलं तसे दिले. डोक्याला चंदनाचा लेप लावून देवळाहून परतताना ती बसच्या खिडकीत अशी ऐटीत बसली होती की जशी येणाऱ्याजाणाऱ्याला डोकंच दाखवतेय. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि पोरं तिच्याभोवती फेर धरून नाचली, "मोट्टै, मोट्टै!" म्हणजे तमिळमध्ये टकली, टकली. वाईट शब्द नाही तो, आमच्या गावात रोज दहा टकली पोरं दिसतात, सगळ्यांनाच म्हणतात. पण हिच्या मनाला लागलं. घरी आली ती सरळ ट्रंकेपाशी, तिचे बाबा ऑफिसच्या लोकांबरोबर उटीला गेले होते तेव्हा आणलेली निळी लोकरीची टोपी काढली आणि कानांवरून खाली ओढली. तेव्हापासून टोपी डोक्यावर. कुंभकोणमचा उन्हाळा आणि लोकरीची टोपी! शाळेत टोपी, जेवताना टोपी, झोपताना टोपी. न्हाऊ घालायची म्हणजे मी आणि अम्मा दोघी मिळून तिला धरायचो. डोक्यावर घामोळं उठलं. मला तर कशाचीही भीती वाटते, गॅसच्या नळीची वाटते, फोन चार्जिंगला लावायची वाटते, आता ही नवीन भीती, पोरीच्या डोक्यात ऊन चढेल, ताप येईल, तापात काही होईल.

आणि गल्लीत खेळायला जाणं बंद. ओट्यावर बसून दुसऱ्या पोरींना खेळताना बघायची. मी म्हणायचे, "जा की." ती म्हणायची, "मला पाय दुखतोय."

एक दिवस माझ्या फोनवर तिनं ते बघितलं. एक बाई बिस्किटांचा चुरा करून त्याचे गोळे वळते आणि रंगीत चॉकलेटात बुडवून काढते, गुळगुळीत, चकचकीत, गोट्यांसारखे. लेक म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला हे कर. मग त्या येतील." मी हो म्हणायच्या आधीच ही दारात उभी, ओट्यावरूनच ओरडून समोरच्यांना सांगितलंन, माझी आई रंगीत चॉकलेट बॉल करणार आहे, या सगळ्या. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांच्याशी तोंड उघडलं होतं. आता सांगा, माझी काय हिंमत होती नाही म्हणायची?

अम्मांची परवानगी काढली. "अंडं?" "नाही अम्मा." "भाजायचं?" "काहीच नाही, चूलसुद्धा नुसती चॉकलेट वितळवायला." "मग कर. मी नाही खाणार ती बाजारची बिस्किटं, पण पोरं खातील."

अर्धं काम छान झालं. चॉकलेटची क्रीमबिस्किटं मिक्सरमध्ये फिरवली, कंडेन्स्ड मिल्क घालून मळली, गोळे वळले. वळणं म्हणजे माझ्या हातचा मळ, रव्याचे लाडू मी बोलता बोलता वळते. गोळे फ्रिजमध्ये गार केले. पांढऱ्या चॉकलेटची लादी फोडली, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवली, तीन वाट्यांत ओतून रंग घातले. पहिला गोळा पिवळ्या वाटीत बुडवला, काट्यानं उचलला, ताटलीत ठेवला. काय दिसत होता म्हणून सांगू! मला वाटलं, ह्या बाईचं काय एवढं, मला पण येतं.

तेवढ्यात लेक आली, "आई, भूक." दहीभात कालवून दिला. आणि तिथंच घात झाला.

आमच्या घरात भाताच्या भांड्याला हात लागला की तो खरकटा. तो पाण्यात बुडवल्याशिवाय दुधाला लावायचा नाही, तुपाला लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला तर मुळीच नाही. शेगडीशेजारी पाण्याची वाटी कायम भरलेली. मी मरुदानल्लूरला आईकडे असल्यापासून हेच, माझा हात आता मला विचारत नाही, भात झाला की आपला आपण पाण्यात जातो. तसाच गेला. हात पाण्यात, चमचा पाण्यात, आणि तोच ओला हात, तोच ओला चमचा गुलाबी वाटीत.

चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही, हे मला कुठलं ठाऊक? त्या व्हिडिओत सांगितलं असणार. खाली इंग्लिश अक्षरं भराभरा पळत होती. मी आठवीपर्यंत गेलेय शाळेत, अक्षरं ओळखते, पण ती उभी राहिली तर. पळणारी अक्षरं मला धरता येत नाहीत.

"घट्ट झालं तर पाणी घाल की," अम्मा म्हणाल्या. "पीठ घट्ट झालं तर काय करतेस?"

मी चमचाभर पाणी घातलं. आणखी घट्ट. गुठळ्या झाल्या.

"आणखी घाल."

"नको अम्मा, घातलं की वाढतंय."

"असं कसं? पाण्यानं कधी काही घट्ट होतं का?"

"हे होतंय ना, बघा ना तुम्हीच!"

दोघी वाट्यांवर वाकून भांडतोय. लादी मिळाली ते दुकान बस स्टँडच्या पलीकडे, ऑटोनं जाऊन येईपर्यंत पोरी येऊन गेल्या असत्या. मला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसले तर पदराला गुलाबी.

लेक ताटली ठेवायला आत आली. तो पिवळा गोळा एकटाच ताटलीत बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ही मोट्टै आहे."

मी पाहिलं. आणि देवाशपथ, माझ्या अंगावर काटा आला. गोल, गुळगुळीत, वर पिवळा लेप. चंदन लावलेलं डोकं, हुबेहूब! असे ताटभर करणार होते मी. टकली म्हणून चिडवणाऱ्या पोरींसमोर ताटभर टकली डोकी मांडणार होते, माझ्या हातांनी.

"त्या हसतील," लेक म्हणाली आणि टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. "त्यांना सांग, येऊ नका."

मी ताटली लपवायला गेले. तोच अम्मांनी हात पुढे केला, पिवळा गोळा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. बाजारची बिस्किटं न खाणाऱ्या अम्मांनी!

"आता कुठाय मोट्टै?" दोन्ही गाल फुगलेले, शब्द नीट निघेनात.

लेक बघतच राहिली. "आज्जी, कसं लागतं?"

"गोड. दाढेत बसलं मेलं." मग गिळून, जीभ दाढेत फिरवून मला म्हणाल्या, "पाण्यावर रुसलंय ना? दूध घालून बघ. गरम. जाईल तर जाईल, नाहीतरी गेलंच आहे."

घातलं. भीत भीत, कडेकडेनं, चमचा पुसून कोरडा करून, जसं काही आता कोरडेपणानं काही वाचणार होतं. आणि बाई गं, वाळू सुटली! फिरवता फिरवता मऊ झालं, पातळ झालं, गुळगुळीत झालं. फक्त एक, ते आता सुकून कडक होईना. गोळा बुडवला की रंग धरायचा, पण चिकट तो चिकटच, हाताला लागायचा. गोट्यांसारखं चकचकीत काही होणार नव्हतं.

"कशात तरी घोळव," अम्मा म्हणाल्या. "खसखस?"

"खसखस शी," लेक म्हणाली. मग टोपीखालून, "सीरगमिट्टाय."

कोपऱ्यावरच्या टपरीत बरणी असते त्याची, जिऱ्याएवढ्या साखरेच्या गोळ्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या. मी चपला न घालताच पळाले. रस्ता असा तापलेला की नाचत नाचत गेले.

"सगळी बरणी द्या," मी म्हटलं.

टपरीवाले आजोबा माझ्या पदराकडे, पायांकडे बघत होते. "सगळी? मग माझ्याकडे येणाऱ्या पोरांनी काय खायचं, बरणी?"

"त्यातली पाच माझ्याच घरी येणार आहेत हो, द्या ना लवकर!"

हसले आणि कागदात ओतून दिली.

ताटात ती पसरली आणि आम्ही तिघी बसलो. मी बुडवायचं, अम्मांनी उचलायचं, लेकीनं घोळवायचं. कदंबाच्या फुलासारखे दिसायला लागले, चहूकडून काटेरी, रंगीबेरंगी. एक गुलाबीवर, एक हिरव्यावर, कुठल्याचा रंग कुठला ते कळेना इतके दाणे. लेक घोळवता घोळवता गुणगुणायला लागली. टोपीच्या काठावर चॉकलेट लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मी मनात म्हटलं, आता नको ग बाई कुणी यायला, ही अशीच राहू दे.

पाच वाजले. कुणी नाही. सव्वापाच. लेक दारात जाऊन आली, परत जाऊन आली. मग एकदम गलका झाला आणि आल्या, पाचजणी, पुढे समोरच्या घरातली दोन वेण्यांची, रिबिनी बांधलेली. फेर धरून नाचायची सुरुवात हिनंच केली होती, लेकीनं मला नाव घेऊन सांगितलं होतं.

बसल्या ओळीनं. ताट मधे. खायला लागल्या तशा गप्प झाल्या, नुसता दाणे फुटायचा कडकड आवाज. बोटं रंगली, गाल रंगले. दोन वेण्यांची म्हणाली, "हे दुकानात मिळतं का?" लेक म्हणाली, "नाही. माझ्या आईलाच येतं."

मग ती पोर लेकीकडे वळली. "टोपी काढ की. उकडत नाही का तुला?"

सगळ्या थांबल्या. मी पटकन म्हणणार होते, तिला सर्दी झालीय, तोंड उघडलं पण होतं, तर मागून अम्मांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

लेकीनं एकदा ताटाकडे पाहिलं. आणि टोपी काढली. स्वतःच्या हातानं. खाली घामोळ्याचे लाल ठिपके आणि काळसर खुंट, पेरलेलं नुकतं उगवावं तसे. दोन वेण्यांची पुढे सरकली आणि एक बोट डोक्याला लावलं. बोट उचललं तर एक हिरवा दाणा डोक्यावरच राहिला.

"चिकटला!" ती ओरडली. "बघा, चिकटला!"

दुसरीनं लाल लावला. तिसरीनं मूठभर घेतले. मग काय, पाचजणी तिच्या डोक्यावर तुटून पडल्या, एकजण गोळ्याचं चॉकलेट पुसून लावतेय, एकजण वर दाणे चिकटवतेय, "इथं पिवळा, इथं पिवळा नाहीये!" देवाला दिलेलं डोकं, त्यावर चार रंगांची साखर, आणि सगळे हात उष्टे. दोन वेण्यांच्या पोरीनं स्वतःच्याही कपाळावर ओळीनं दाणे लावले. अम्मा "राम राम" म्हणाल्या, पण माझं मनगट सोडलं नाही.

मी लेकीचा चेहरा बघायला धडपडत होते. मान खाली, डोळे घट्ट मिटलेले, खांदे हलत होते. ती हसते तेव्हाही असेच हलतात आणि रडते तेव्हाही, आवाज आधी येतच नाही तिचा. थांबवू? का थांबवू? खेळतायत का चिडवतायत? मला कळेचना. आणि मुंग्या लागल्या म्हणजे? घामोळ्याला झोंबलं म्हणजे?

तेवढ्यात तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. तोंड हसरं होतं की नाही, सगळं चॉकलेटनं माखलेलं, काय दिसणार?

"आई," ती म्हणाली, "आरसा आण."

केस दिल्यापासून तिनं स्वतःचं डोकं पाहिलेलं नव्हतं. पोरी टाळ्या पिटत होत्या, आरसा, आरसा. मी आत गेले, भिंतीवरचा काढला, पोटाशी उलटा धरून बाहेर आले. आणि दारातच उभी राहिले. बघून हसली तर टोपी कायमची गेली. आणि बघून किंचाळली तर, त्या पाचजणींसमोर, वाढदिवसाला? तिनं हात पुढे केला होता, रंगानं चिकट झालेला, बोटं हलवत. अम्मांकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? आई तू आहेस."

तुम्ही असता माझ्या जागी, तर दिला असता का हो आरसा?