घासलेलं पदक

लिफ्ट तळमजल्यावरून सातव्यावर जाईपर्यंत इंग्लंडचा इतिहास सांगून संपवणारा माणूस अख्ख्या शारजात एकच, आणि तो आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये राहतो. हे वसईचे अंकल जबल अलीच्या एका गोदामात कागदपत्रं सांभाळतात. त्यांच्याकडे चांदीचं एक पदक आहे. नऊ वर्षांचं पोर इंग्लंडच्या गादीवर बसलं, तेव्हा तिथे राज्याभिषेकाचं पदक पहिल्यांदा निघालं, हे ते दूधवाल्यालाही सांगत. "माझं मूळ नाही हां वहिनी, नंतरची ओतीव प्रत आहे. पण प्रतही दोनशे वर्षांची," हे प्रामाणिकपणे जोडत. त्यांच्या आईचे वडील बोटीवर खानसामा होते. एका साहेबाने खूश होऊन ते त्यांना दिलं होतं. पदकावर लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू, तिन्ही भाषा आहेत. अंकलना तिन्ही येत नाहीत, पण मजकूर तिन्हींतला पाठ. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "अंकल, सो ही वॉज इन ग्रेड फोर?" तेव्हापासून कंपनीच्या बसमध्येही ते 'चौथीतला राजा' म्हणू लागले.

गेल्या वर्षी महिनाभर गावी जाताना त्यांनी पदक माझ्याकडे ठेवलं. खोलीत चौघेजण राहतात, म्हणून. परतल्यावर जुमेरा लेक टॉवर्समध्ये संग्राहकांच्या प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं होतं. त्यासाठी त्यांनी नवा कोटही शिवला होता.

गणपतीच्या आधी मी चांदीची निरांजनं घासायला काढली. पदक काळंकुट्ट दिसलं. म्हटलं, अंकल खूश होतील. टूथपेस्ट लावून, ब्रशने खसाखसा घासून लख्ख केलं. अंकलनी परत आल्यावर ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चमकतंय." मला वाटलं, कौतुकच आहे.

प्रदर्शनाला त्यांनी मलाही नेलं. तिथल्या गृहस्थांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "ये साफ किसने किया?" मग हिंदीतच समजावलं, जुना काळा थर गेला, अक्षरांवर ओरखडे आलेत. हे मांडता येणार नाही.

मी तोंड उघडणार, एवढ्यात अंकल म्हणाले, "मैंने किया, सर. समझ नहीं थी."

पदकांबद्दल त्या खोलीतल्या कुणाहून कमी न जाणणारा माणूस माझ्यासाठी अडाणी ठरला, आणि मी पर्सचा पट्टा नीट करत राहिले.

आठवड्याने धीर करून सातव्या मजल्यावर माफी मागायला गेले. "वहिनी," ते म्हणाले, "माझ्या मामाने ते चपलांच्या खोक्यात ठेवलं होतं. तुम्ही देवाच्या चांदीबरोबर घासलंत. खलास आता, चहा घ्या."

मग त्यांनी मुलीच्या शाळेची चौकशी सुरू केली. पदकाचा विषय त्यांनी स्वतःहून बदलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मी उत्तरं देत राहिले, आणि चहा निवत गेला.