टेपवरची बाजारवाट

सासऱ्यांची दृष्टी काचबिंदूने गेली तेव्हा मी लग्न होऊन रिठदला नुकतीच आले होते. सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात सासरे, मी आणि धाकटा दीर. दीर रिसोडला लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात होता. सासरे दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर बसून असत. मोरीपर्यंत जायलाही त्यांना माझा हात धरावा लागे आणि त्याचा त्यांना राग यायचा. त्यांना एकच गोष्ट हवी होती. आठवडी बाजाराला पूर्वीसारखं एकट्याने जायचं.

एका सुट्टीच्या दिवशी दीर दुकानातला टेपरेकॉर्डर घेऊन आला. मी आधी तेच विचारलं, "मालकाले इचारून आनला का?"

"वहिनी, तुमाले पोलिसात घ्याले पायजे होतं," तो म्हणाला. विचारलं होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

त्याने ते यंत्र पिशवीत घालून घरापासून बाजारापर्यंतचा सगळा रस्ता चालत चालत भरून आणला होता. टेप लावली की सासरे बाजेवर बसल्या बसल्या चालू लागत. आधी लोहाराचा घण, मग लिंबावरच्या साळुंक्या, मग पिठाच्या गिरणीच्या इंजिनाची पुक पुक. गिरणीपाशी डावीकडे वळलं की बाजार. न वळता सरळ गेलं की बिनकठड्याची विहीर. दीर मध्येच खटका दाबून विचारी, "बाबा, आता कुठं हा तुमी?" बरोबर सांगितलं तर टेप पुढे चाले. चुकलं तर माणूस विहिरीत पडला आणि डाव संपला.

पुढे त्याचा रोजचा खेळ झाला. संध्याकाळी सासऱ्यांचे दोन जुने सोबती यायचे आणि डोळ्यांवर दुपट्टा बांधून बसायचे. त्यांना काही केल्या जमत नसे.

"पड इहिरीत," सासरे म्हणत. "दोन डोये असून काय कामाचा तू?"

"अबे, तुह्या पोरानं तुले आधीच सांगून ठेवलं असन."

"मंग तुह्या पोराले म्हन तुले सांगाले. त्याले तुह्यासंग बोलाले टाइम हाय का?"

मलाही यात काहीतरी गडबड वाटत होती, पण वेगळी. सासरे आवाज यायच्या आधीच उत्तर देत. "आता गिरणी," ते म्हणायचे, आणि मग पुक पुक सुरू व्हायची. एकदा सेल उतरले. टेप इतकी सुस्त झाली की साळुंक्या म्हशीच्या वगारीसारख्या ओरडू लागल्या. तरी सासरे लगेच म्हणाले, "लिंबावरच्या साळुंक्या." त्या दिवशी माझी खात्री पटली.

दीर आत पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "भाऊजी, मामंजीले टेप पाठ झाली हाय. रस्ता नाही."

"काहून मागं लागल्या तुमी त्याइच्या? इतक्या दिवसानं हासून राह्यले ते."

"हासू द्या. पन येत्या बाजाराले एकटा जातो म्हनतेत. त्या टायमाले गिरणी बंद असली तं?"

गिरणीचा पट्टा नेहमी तुटायचा, डिझेल संपायचं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. टेपवर मात्र ती कधीच बंद पडत नव्हती.

दोन-चार दिवसांनी सकाळी दळण घेऊन गेले तर गिरणी बंद. तशीच परत आले आणि दिराला यंत्रासकट बाहेर काढलं. घरून निघायचं, गिरणीपाशी वळायचं नाही, सरळ जायचं, विहिरीच्या अलीकडे थांबायचं, सगळं समजावून सांगितलं. त्याचं मन नव्हतं, पण गेला.

संध्याकाळी ती टेप लावली. लोहार झाला, साळुंक्या झाल्या.

"आता गिरणी," सासरे म्हणाले.

टेपमध्ये नुसत्या चपला वाजत राहिल्या. दिराचा हात खटक्याकडे गेला. मी मानेनेच नको म्हटलं.

"येते ना बे," सासरे म्हणाले. "येईल आता."

चपला थांबल्या. खालून, खोल पोकळीतून यावं तसं पारव्यांचं घुमणं आलं. सासऱ्यांनी बाजेची कड घट्ट धरली.

"हे कोनाचं काम?"

"माझं," मी म्हटलं.

"वाटलंच. त्याले येवढी अक्कल नाही."

मला वाटलं, बाजाराचा विषय मिटला. पण दुसऱ्या दिवसापासून सासरे दिराकडे फक्त शेवटचा तुकडा मागू लागले. पारवे संपले की टेप मागे न्यायची आणि पुन्हा तेच लावायचं. कशासाठी ते सांगेनात. विहीर ऐकत बसलेला माणूस मला काही बरा वाटेना. मी काम करता करता त्यांच्यावर नजर ठेवू लागले. काठी कुठे आहे, चपला कुठे आहेत, ते मध्येच उठले तर कशासाठी उठले.

बाजाराच्या दिवशी त्यांनी काठी आणि पिशवी घेतली. "कोनी मागं येऊ नका," म्हणाले आणि निघाले. दीर दुकानावर गेला होता. ते लोहारापुढे जाईपर्यंत मी थांबले आणि अनवाणीच मागे गेले.

त्या दिवशी गिरणी चालू होती. पुक पुक अगदी स्वच्छ ऐकू येत होती. तरीही ते वळले नाहीत, सरळ गेले. मी पावलं उचलली. हाक मारली तर दचकून पुढे पाऊल टाकतील, म्हणून तोंड बंद ठेवलं. ते काठी जमिनीवरून पुढे सरकवत हळू झाले आणि काठाच्या बरेच अलीकडे थांबले. खाली पारवे घुमत होते. त्यांनी चाचपडून एक ढेकूळ उचललं आणि पुढे फेकलं. पाणी वाजलं.

"बाई," ते मान न वळवता म्हणाले, "इहीर कुठं हाय ते पाहून घेतलं. आता गिरणी बंद असली तरी मी पडत नाही. तू घरी जाय."

"तुमाले कसं समजलं मी हाय म्हून?"

"दुसरं कोन येते असं मागं-मागं?"

"बाजारापर्यंत येऊ द्या मले."

"नोको."

ते परत गिरणीपर्यंत आले आणि बरोबर वळले. ते बाजाराच्या गर्दीत दिसेनासे होईस्तोवर मी तिथे उभी होते. एकदा वळता आलं म्हणजे दर वेळी येईल, असं मला काही वाटत नव्हतं.

उन्हं उतरायच्या आत ते वांगी घेऊन घरी आले. मी एक चिरलं, दुसरं चिरलं. किडकी.

"मामंजी, वांगी किडकी देल्ली तुमाले. आंधया पाहून फसवलं."

"फेकू नको," ते म्हणाले. "त्याचा आवाज ध्यानात हाय माह्या. पुढच्या बाजाराले त्याच्याच पुढ्यात नेऊन टाकतो."

"तोवर सडतीन ना."

"सडू दे. त्याले वास आला पायजे."