लेंड्यांतून उगवलेली टेकडी

आमच्या भाऊजींइतका बूड न टेकणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची पहिली भाकरी चुलीजवळ, दुसरी दारात आणि ताक अंगणात फिरत संपतं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जेवण कुठं चाललं हाये, हे पोटाले तरी कळू द्या." तर म्हणाले, "वहिनी, तिकडं बकऱ्या शिरल्या असतीन." तिकडं म्हणजे टेकडीवर. अनसिंगकडच्या आमच्या गावामागची ही वनखात्याची टेकडी आमच्याच पिढीनं सरपणासाठी तोडून बोडकी केली. मीही तोडली, खोटं कशाला बोलू. मग कागद बनवणारी एक कंपनी आणि परदेशातली एक संस्था, दोघांनी मिळून तिथं पुन्हा जंगल उभं करायचं ठरवलं आणि भाऊजींना राखणदार नेमलं. तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच.

आधी त्यांचं बकऱ्यांशी वैर. एका बकरीमागे धावत ते थेट माझ्या स्वयंपाकघरात आले होते; बकरी परसदारानं निघून गेली आणि हे माझ्या पिठाच्या परातीत. पण कुणीतरी टेकडीच्या मागच्या उतारावर लेंडीखत टाकलं होतं, त्यातून बाभळी आणि बोरी उगवलेल्या त्यांनी पाहिल्या. झालं! दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे डबा घेऊन घरोघरच्या गोठ्यात हजर, आणि डबा भरला की लेंड्या पेरायला मागच्या उतारावर. बाया हसायच्या, "काहून जी, आता बकऱ्यांची हजेरी घेऊन राह्यले का?" भाऊजी लेंड्या निवडत म्हणायचे, "हसा. बकरीच्या पोटातून आलेलं बी मुरमातबी उगवते. तुमाले येते का तसं?"

कंपनीची रोपं मात्र बाहेरगावाहून पिशव्यांतून आली होती. दोरी धरून, ओळीनं खड्डे केले होते. उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली. त्यातच निरोप आला, परदेशातली मॅडम पाहणीला येणार. खड्ड्यांत झाडं दिसली नाहीत तर संस्था ही टेकडी सोडून देणार. कंपनीचा साहेब घाबरला. तो भाऊजींना म्हणाला, खड्ड्यांत हिरव्या डहाळ्या खोचून ठेवा.

ते आठ दिवस भाऊजींनी माझं डोकं फिरवलं. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक. शेवटी मी म्हटलं, "खोचा ना. डहाळी दोन दिवस हिरवी राह्यते. बाई एकच दिवस येऊन राह्यली."

"वहिनी, मेलेल्याले जित्तं म्हणू का?"

"मंग टेकडी गेली म्हणून रडत माह्या दारात येऊ नोका."

ते तसेच टेकडीकडं निघून गेले. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही, पण ते कुणाला सांगितलं नाही.

मॅडम आली. भाऊजींनी तिला आधी वाळलेल्या रोपांचे खड्डेच दाखवले, एकेक करून. साहेबाचा चेहरा पडला. मग तिला मागच्या उतारावर नेलं. तिथं गुडघाभर बाभळी, बोरी, वेड्यावाकड्या, एकीलाही ओळ ठाऊक नाही. हे कसं उगवलं, असं तिनं विचारलं. भाऊजींनी खिशात हात घालून मूठभर लेंड्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिचं बोलणं मराठीत सांगायला आलेला मुलगा लाजून दुसरीकडं बघू लागला. मॅडमनं एक लेंडी मोडली, आतलं बी नखानं काढून पाहिलं आणि आणखी मागितल्या.

पुढे तीन-चार महिने काहीच कळलं नाही. भाऊजी रोज फाट्यावर जाऊन साहेबाच्या गाडीची वाट बघायचे. परवा एकदाचं उत्तर आलं. टेकडी राहिली, पिशव्यांची रोपं बंद, पेरणी भाऊजींच्या पद्धतीनं. बातमी सांगताना मात्र त्यांचं तोंड उतरलेलं.

"आता काय झालं?"

"मॅडम म्हणते, जंगल व्हाले एक पिढी लागते. म्हंजे मी काई पाह्यत नाही, वहिनी."

"मीबी नाही पाह्यत. चहा प्या."

चहा झाला आणि का कोण जाणे, मी चपला घातल्या. इतक्या वर्षांत मी त्या उतारावर गेले नव्हते. सगळ्यांत मोठी बाभूळ माझ्या कमरेपर्यंत. तिची सावली जेमतेम ताटाएवढी. भाऊजी म्हणाले, "या, सावलीत या." उन्हात डोकं तापत होतं. आम्ही दोघं म्हातारे आपापला एकेक पाय त्या सावलीत ठेवून उभे राहिलो.